पावसाळ्यात ॲस्टेरियास मऊ पडतं तेव्हा: काय तपासायचं आणि कुठं थांबायचं

दरवर्षी आर्द्रा लागली की माझ्या दारात कुंड्या यायला सुरुवात होते. कुणी स्कूटरच्या डिकीत घालून आणतं, कुणी जेवणाच्या डब्यात. आत लाडवाएवढं, चपटं, एकही काटा नसलेलं निवडुंग असतं आणि आणणाऱ्याचं वाक्य ठरलेलं असतं, "काकू, माझं ॲस्टेरियास मऊ पडालंय, बघा की."

मी बेळगावच्या अनगोळात राहते. गच्चीवर ही झाडं वाढवायला लागून बारा पावसाळे झाले. पहिल्या दोन पावसाळ्यांत माझी स्वतःची सहा गेली. त्यानंतर माझी आणि लोकांची मिळून जेवढी हातात आली, त्यातली निम्म्याहून जास्त वाचली. जी गेली त्यातल्या बहुतेकांची गोष्ट एकच होती. झाड आक्रसलेलं दिसलं, घरच्यांना वाटलं त्याला तहान लागलीय, आणि त्यांनी मायेनं पाणी घातलं.

पावसाळ्यात आक्रसलेलं ॲस्टेरियास सहसा तहानलेलं नसतं. त्याची मुळं गेलेली असतात. भोवती पाणी असून त्याला ते पिता येत नाही, म्हणून ते सुकल्यासारखं दिसतं. वर आणखी पाणी घातलं की उरलेली मुळंही जातात. खालच्या सगळ्या तपासण्या हा एक घोळ सोडवण्यासाठी आहेत: झाड तहानलंय, की कुजतंय?

हे झाड मुळात कसलं आहे

ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास हे त्याचं पूर्ण नाव. नर्सरीत 'स्टार कॅक्टस' म्हणून मिळतं. जपानी लोक त्याला 'काबुतो' म्हणतात, म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण. दाट पांढऱ्या ठिपक्यांचा 'सुपर काबुतो' हा त्यांनीच निवडून वाढवलेला प्रकार. सोललेल्या संत्र्याच्या असाव्यात तशा बहुधा आठ फोडी, प्रत्येक फोडीच्या मध्यावर लोकरीच्या गोंड्यांची ओळ, आणि उन्हाळ्यात माथ्यावर पिवळं फूल, आतून केशरी-तांबडं.

त्याचं मूळ घर म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सासच्या दक्षिण टोकाचा स्टार परगणा आणि मेक्सिकोतली तामाउलिपास व न्युएवो लिओन ही राज्यं. मधून रिओ ग्रांदे नदी वाहते, तीच दोन देशांची हद्द. तेही सीमाभागातलंच झाड आहे, म्हणून मला ते जरा जास्तच आपलं वाटतं. तिथं ते काटेरी झुडपांच्या सावलीत, मातीला चिकटून वाढतं. कोरड्या दिवसांत अंग आक्रसून जमिनीच्या पातळीला, कधी त्याच्याही खाली जातं आणि वर धूळ बसते. अगदी पायाशी असलं तरी दिसत नाही. वनस्पती गोळा करत फिरणाऱ्या करविन्स्की यांना ते १८४३ मध्ये मिळालं, वनस्पतिशास्त्रज्ञ झुकारिनी यांनी १८४५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि मग १९२३ मध्ये निवडुंगांच्या शोधात फिरणाऱ्या फ्रिच यांना मेक्सिकोत पुन्हा सापडेपर्यंत ते जवळजवळ ऐंशी वर्षं हरवल्यासारखंच होतं.

मी ही हकीकत मुद्दाम सांगतेय. आक्रसणं ही या झाडाची जन्मजात सवय आहे, त्यामुळं नुसत्या आक्रसण्यावरून काहीच ठरवता येत नाही.

आज ते रानात फार थोडं उरलंय. झुडपी रान तोडून कुरणं आणि शेतं झाली, हौशी लोकांनी झाडं उपटून नेली, आणि पेयोटी नावाच्या, अमलासाठी खाल्ल्या जाणाऱ्या तशाच दिसणाऱ्या निवडुंगाच्या शोधात चुकून हेही खणलं गेलं. अमेरिकेनं १९९३ मध्ये त्याला कायद्यानं संकटग्रस्त ठरवलं. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात ते पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे रानातून उपटलेल्या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. म्हणून घेताना बियांपासून वाढवलेलंच घ्या, आणि परदेशातून पाकिटात घालून पाठवतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. आणि जे घरात आहे ते जिवंत ठेवा.

लक्षणं

आधी काळजी न करण्याची. बुंध्याशी तपकिरी, टणक, लाकडासारखा थर चढतो. नखानं टोचला तर दबत नाही. हे वय आहे, रोग नव्हे. डिसेंबर-जानेवारीत झाड खाली बसतं आणि फोडींमधल्या खाचा खोल होतात. ही त्याची झोप आहे. एप्रिलच्या दुपारी जरा चपटं दिसलं आणि सकाळपर्यंत सावरलं, तर तेही ठीक.

आता काळजीची. एका बाजूनं मऊ लागतं, पिकलेल्या टोमॅटोसारखं. हिरवा रंग जाऊन पिवळट किंवा पाणचट, अर्धपारदर्शक डाग येतो आणि दोन दिवसांत पसरतो. बुंध्याशी केशरी-तपकिरी कडं दिसतं आणि ते ओलसर असतं. बोटानं हलवलं तर झाड कुंडीत डुगडुगतं, जणू खाली धरणारं काहीच नाही. पाणी घालून आठवडा झाला तरी फुगत नाही. आंबूस वास येतो. यातलं एक जरी असलं तरी त्या दिवसापासून पाणी बंद करा आणि पुढं वाचा.

तिसरा प्रकार म्हणजे वरून दिसणारा त्रास. माथ्यापासून गंजल्यासारखा तांबूस थर खाली उतरतो, किंवा पावसाची उघडीप पडल्यावर एका बाजूला पांढुरका, कागदासारखा कोरडा चट्टा पडतो. हे कुजणं नव्हे. पहिली लाल कोळी नावाची बारीक कीड असते, दुसरं ऊन लागल्याचं. तरी लोक घाबरून त्यावर पाणी आणि बुरशीनाशक दोन्ही ओततात, म्हणून इथं सांगितलं.

पहिली तपासणी: महिना आणि बोट

खर्च शून्य. भिंतीवरचं कॅलेंडर बघा आणि झाड दोन बोटांनी हळूच दाबा.

मार्च ते मे असेल आणि झाड चपटं पण चामड्यासारखं घट्ट लागत असेल, तर ते तहानलंय. संध्याकाळी पोटभर पाणी द्या. पाच-सात दिवसांत फुगलं की प्रश्न मिटला, बाकीचं वाचायची गरज नाही. फुगलं नाही तर मुळं गेलीत, थेट सातव्या तपासणीला जा.

जून ते सप्टेंबर असेल तर उलट समजा: मुळांवर संशय आधी, तहान शेवटी. घट्ट लागत असेल तर अजून वेळ आहे. मऊ लागत असेल तर आजच काम करायचंय.

वळिवाबद्दल वेगळं सांगते, कारण माझ्या अनुभवात अर्धी मरणं तिथं सुरू होतात. एप्रिल-मेमध्ये दुपारभर कुंडी तापलेली असते आणि चारच्या सुमाराला ढग येऊन धो धो वळीव पडतो. पहिल्या पावसाचा वास येतो, आपणही खूश होतो आणि झाडं भिजू देतो. एक वळीव सोसतो. लागोपाठ तीन-चार दिवस पडला आणि कुंडीत साधी लाल माती असली, की तापलेल्या ओल्या मातीत बुरशीला जे हवं ते सगळं मिळतं. वरून काही दिसत नाही. दिसतं ते मृग संपता संपता, तेव्हा आपण मृगाला दोष देतो.

दुसरी: उदबत्तीची काडी

उदबत्ती जळून उरलेली बांबूची काडी कुंडीच्या कडेनं तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटं ठेवा, बाहेर काढून गालाला लावा. गार लागली किंवा माती चिकटून आली, तर तळ ओला आहे. वरची माती कोरडी ठणठणीत दिसत असताना तळाशी दहा दिवसांची ओल असते, हे मी कितीदा बघितलंय. पाणी घालायचं की नाही हे वरच्या मातीवरून ठरवू नका. ज्यांना ही काडीची सवय लागली त्यांच्या कुंड्या माझ्याकडं परत येत नाहीत.

तिसरी: जागा

कुंडी जिथं ठेवलीय तिथं पाऊस चालू असताना उभं राहून बघा. उघडीप असताना सगळ्याच जागा बऱ्या वाटतात.

आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून झड घेऊन येतो. पत्र्याखाली दोन हात आत ठेवलेली कुंडीही झडीनं भिजते. पत्र्याच्या कडेवरून ठिबकणारं पाणी एकाच कुंडीत रोज पडत असतं. आणि कुंडीखालची बशी! फरशी खराब होऊ नये म्हणून ठेवलेल्या त्या बशीत पाणी साचतं आणि कुंडी ते खालून परत ओढते. पावसाळ्यात बश्या काढून टाका, कुंडी दोन विटांवर किंवा जाळीवर ठेवा.

मग वारा. जुलैत बेळगावात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते. अशा हवेत काचेच्या बंद बरणीत किंवा कोपऱ्यात ठेवलेलं झाड पाण्याचा थेंब न देताही कुजतं. माझी पावसाळ्यातली जागा म्हणजे वर पारदर्शक पत्रा, पश्चिमेला ताडपत्री, बाकी तिन्ही बाजू उघड्या. जिथं ओले कपडे दिवसभरात वाळतात, तिथं ॲस्टेरियास जगतं.

गावागणिक हिशेब बदलतो. खानापूरला माझी मावसबहीण आहे. तिच्याकडं पाऊस आमच्यापेक्षाही जास्त, कणकुंबी-जांबोटीकडं तर विचारायलाच नको. ती जून ते सप्टेंबर पाण्याचा थेंब देत नाही आणि झाडं खोलीत पूर्वेच्या खिडकीशी ठेवते. आमचे व्याही अथणीला असतात. तिथला पाऊस इतका कमी की त्यांची झाडं उघड्यावर पावसाळा काढतात. पण मे महिन्यात तिथं ऊन भाजून काढतं, म्हणून त्यांना हिरवी जाळी लागते. अथणीचा सल्ला खानापुरात चालत नाही. निपाणी-चिकोडीवाल्यांनी आपलं अंगण बघून दोन्हींच्या मधलं काहीतरी ठरवावं.

झाड जागेवरून हलवताना एवढंच बघा: सावलीतलं एकदम उन्हात नेऊ नका. गणपती झाल्यावर उघडीप पडते आणि लोक आनंदानं कुंड्या उन्हात मांडतात. तो पांढुरका चट्टा तेव्हाच पडतो आणि जन्मभर जात नाही. आठ-दहा दिवस जाळीखाली, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण.

चौथी: भिंग

शाळेच्या कंपासपेटीतलं भिंग पुरतं. माथ्यावरची लोकर आणि फोडींमधल्या खाचा बघा. कापसासारखे पांढरे पुंजके हलले किंवा दाबल्यावर गुलाबी रस आला, तर तो पिठ्या ढेकूण. झाडाचे स्वतःचे पांढरे ठिपके हलत नाहीत आणि दाबले तरी त्यांतून रस येत नाही, एवढ्यावरून फरक कळतो. मेडिकलमधून स्पिरिट आणा, कानाच्या काडीला लावून एकेक टिपा, दर पाच दिवसांनी, तीन वेळा. हे काम सावलीतच करा. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर मुळांशीही पिठ्या असण्याची शक्यता धरा, कारण त्याचा गोड रस खायला मुंग्या येतात आणि त्याला इकडून तिकडं नेतात.

तांबूस गंज माथ्याकडून येत असेल तर लाल कोळी. ती कोरड्या गरम हवेत, मार्च ते मेमध्ये वाढते. द्राक्षवाल्यांकडं भुरीसाठी पाण्यात मिसळणारं गंधक असतं, ते लेबलवरच्या मात्रेत संध्याकाळी फवारावं. कडक उन्हाच्या दिवसांत गंधक झाड भाजतं, म्हणून दुपारी कधीच नाही. पडलेला गंज जात नाही, पण नवी वाढ स्वच्छ येते.

पाचवी: कुंडी

कोरड्या दिवसांत कुंडीत पेलाभर पाणी एकदम ओता आणि मनात अंक मोजा. दहा-पंधरा अंकांत खालून धार लागली पाहिजे. वर तळं साचून राहिलं, तर एकतर भोक बुजलंय किंवा मिश्रण चुकलंय. भोक काडीनं मोकळं करून पुन्हा बघा. कुंडी झाडापेक्षा दोन बोटं रुंद असावी, जास्त नको. मोठ्या कुंडीत मुळांच्या वाटेला न येणारी माती ओलीच बसून राहते. खानापूरकडची भाजलेली मातीची कुंडी अंगातून ओल सोडते, म्हणून पावसाळ्याच्या गावाला तीच बरी. प्लास्टिक अथणीला चालेल.

सहावी: मिश्रण

इथं जरा थांबते, कारण खरा रोग बहुतेक वेळा इथंच असतो.

एक युक्तिवाद मी नेहमी ऐकते: हे झाड त्याच्या देशात चिकण मातीत वाढतं, मग आपली माती का चालू नये? वाढतं हे खरं आहे. पण तिथं वर्षभरात पडणारा पाऊस बेळगाव शहराच्या पावसाच्या निम्म्यापेक्षा फार वर जात नाही, आणि दोन पावसांत लांब कोरडा काळ असतो. शिवाय जमिनीतलं पाणी खाली खाली ओढलं जातं. कुंडीला खाली जमीन नाही. बारीक मातीतलं पाणी तळाशी येऊन थांबतं आणि भोक असूनही बाहेर पडत नाही, कारण मातीचे कण त्याला धरून ठेवतात. स्पंज पाण्यातून काढून आडवा धरला की थोडं पाणी गळतं आणि बाकीचं तळाशी राहतं, तसंच. कुंडीच्या तळाशी हा ओला थर कायम असतो, आणि मुळांची टोकं नेमकी तिथंच पोचलेली असतात.

यावर आपल्याकडचा घरगुती उपाय म्हणजे तळाला फुटक्या कौलांचा जाड थर. आईनंही मला तेच शिकवलं होतं. पण त्यानं ओला थर नाहीसा होत नाही, कौलांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर कौलाचा एकच तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाकीची कौलं फोडून मिश्रणात घाला, तिथं त्यांचा खरा उपयोग आहे.

आत्ताचं मिश्रण कसं आहे ते बघायला काचेच्या ग्लासात दोन चमचे घ्या, पाणी भरा, ढवळा, अर्धा तास ठेवा. वरचं पाणी तांबडं गढूळच राहिलं तर चिकण जास्त आहे. वर तपकिरी धागे तरंगले तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आहे. नर्सरीत रोपं लवकर सुकू नयेत म्हणून कोकोपीट घालतात. त्यांना ते सोयीचं, पण आपल्या जुलैत ते आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. नवीन झाड आणलं की मी ते ताबडतोब काढते, पावसाळा असला तरी.

माझं मिश्रण असं. भाजलेल्या विटांचे किंवा कौलांचे हरभऱ्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे तीन वाट्या, क्रशरची बारीक ग्रिट, म्हणजे बारीक खडी, एक वाटी, जुनं पालापाचोळ्याचं खत चाळून एक वाटी. विटांचा चुरा पिठाच्या चाळणीनं चाळायचा, खाली पडलेली धूळ टाकून द्यायची आणि वरचे तुकडे धुऊन वाळवायचे. धुण्याचा कंटाळा केला तर सगळी मेहनत वाया, ती धूळच नंतर चिखल होते. खानापूरला मावसबहीण खत अर्धीच वाटी घालते.

वाळूबद्दल दोन गोष्टी. उद्यमबागेतल्या फाउंड्रीची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याची, टाकलेली वाळू फुकट मिळते म्हणून अनेकजण आणतात. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते. बेंटोनाइट पाणी शोषून फुगतं, म्हणजे जे टाळायचं तेच. आणि कारवार-गोव्याच्या समुद्राची वाळू मिठामुळं नको.

चुलीची राख मुठीनं घालू नका. पाण्याचं विचाराल तर राकसकोप धरणाचं नळाचं पाणी चांगलं. बोअरच्या जड पाण्यानं मातीवर पांढरा थर येतो, तो दिसायला वाईट पण झाड त्यानं सहसा मरत नाही.

सातवी: कुंडीतून बाहेर काढणं

इथपर्यंत सगळं ठीक असून झाड मऊ किंवा डुगडुगतं असेल, तर आता काढायलाच हवं. वर्तमानपत्र पसरा, कुंडी आडवी करा, काठावर ठोका. झाड ओढू नका.

मुळं पांढरट किंवा फिकट तपकिरी, ओढल्यावर न तुटणारी असतील तर ती जिवंत. काळपट, पोकळ, ओढल्यावर साल निघून आत दोरा राहतो, ती मेलेली. मुळांना भुकटीसारखं पांढरं लागलंय आणि कुंडीच्या आतल्या भिंतीलाही तसेच डाग आहेत, तर मुळांतला पिठ्या. जुनी माती बांधून कचऱ्यात द्या, दुसऱ्या कुंडीत टाकू नका. मुळं पाण्याखाली स्वच्छ धुवा, कुंडी गरम पाण्यानं घासा, झाड आठवडाभर सावलीत वाळवून नव्या मिश्रणात लावा. पुन्हा आला तर कृषी सेवा केंद्रातून इमिडाक्लोप्रिड आणून लेबलवरच्या मात्रेतच वापरा, हातमोजे घालून, आणि फुलं असताना नाही, कारण मधमाश्या येतात.

मेलेली मुळं कात्रीनं काढली आणि बुंधा टणक निघाला, तर तुमचं नशीब चांगलं. दहा-पंधरा दिवस कोरडं ठेवा, कोरड्या मिश्रणावर बसवा, आणखी दोन आठवड्यांनी थोडंसं पाणी.

आठवी: कापणं

बुंधा मऊ आहे, केशरी डाग आत गेलाय. आता सुरी.

धारदार कटर स्पिरिटनं पुसा. खालून पातळ चकती कापा. मध्ये एक गोल कडं दिसेल, त्या नळ्यांतून झाड पाणी वर नेतं. या कड्यात एक जरी केशरी ठिपका असला तरी कुज वर गेलीय. कटर पुन्हा पुसा, आणखी एक चकती. प्रत्येक चकतीला पुसायचं, नाहीतर आपणच कुज वर नेतो. पूर्ण स्वच्छ, फिकट हिरवा-पांढरा गर दिसेपर्यंत थांबायचं नाही. लोक इथं हात आखडता घेतात. झाड लहान होतंय याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण एक ठिपका ठेवला तर आठवड्यात सगळं जातं.

कापलेल्या भागावर गंधकाची भुकटी चोळा. हळद लावली तर नुकसान नाही, पण हळदीवर विसंबून कमी कापू नका. मग कापलेली बाजू वर करून वाळवा. पुस्तकात दहा दिवस लिहिलेलं असतं. बेळगावच्या जुलैत तीन ते चार आठवडे धरा, आणि पंखा चालू असलेल्या खोलीत ठेवा. बोट फिरवल्यावर वाळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं लागलं की झालं. मग धुतलेल्या विटांच्या कोरड्या चुऱ्यावर नुसतं टेकवून ठेवा. मुळं यायला दोन महिने लागतात, कधी दसरा-दिवाळी उजाडते. उचलून उचलून बघू नका.

इथं थांबा आणि जाणकाराकडं जा

कुज अर्ध्याच्या वर गेली असेल तर कापून मुळं फुटण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. उरलेला माथा कलमानंच वाचतो. ड्रॅगन फ्रूटच्या खोडावर दोघांची कडी एकमेकांवर यावीत असं तो बसवावा लागतो, मिनिटाभरात, निर्जंतुक हातानं. पहिल्यांदा करणाऱ्यानं ते शेवटच्या झाडावर शिकू नये. कलमं बांधणारा नर्सरीवाला गाठा, माथा कागदात गुंडाळून त्याच दिवशी न्या. प्लास्टिकच्या पिशवीत न्याल तर वाटेतच घाम धरतो.

मध्यावरची लोकर मऊ पडून आत खचली असेल तर तिथून कलमही होत नाही. ते झाड सोडून द्या. खताच्या खड्ड्यात टाकू नका, बाकीच्यांपासून लांब न्या आणि कुंडी घासून उन्हात ठेवा.

पंधरवड्यात तीन-चार कुंड्या, त्याही वेगवेगळ्या जागांवरच्या, एकदम गेल्या तर घरी औषधं बदलून बघत बसू नका. एक आजारी झाड मुळांसकट आणि मूठभर माती वेगळ्या कागदी पाकिटात घेऊन धारवाडच्या कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभागाला दाखवा. गोकाककडच्यांना अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय जवळ पडेल. कुठली बुरशी आहे हे कळल्याशिवाय बुरशीनाशक घालणं म्हणजे पैसे मातीत.

जोपर्यंत झाड धडधाकट आहे तोपर्यंत

एकटं ॲस्टेरियास स्वतःच्या परागावर बी धरत नाही. दुसरं हवं, तेही वेगळ्या बियांपासून वाढलेलं. मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही एकाच दुपारी फुलली की रंगकामाचा मऊ ब्रश एका फुलातून दुसऱ्यात फिरवायचा आणि पुन्हा उलट. लोकरीत दडलेलं फळ वाळून फुटलं की आत शिरस्त्राणाच्या आकाराचं चकचकीत तपकिरी बी निघतं. ते ठेवून देऊ नका, ताजं असतानाच पेरा. त्याच विटांच्या बारीक चुऱ्यावर टाकायचं, वर माती नाही, डबा झाकून सावलीत. उबेच्या दिवसांत आठवड्याच्या आत हिरवे मणी वर येतात. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या तिघींनी मिळून अशी चाळीस रोपं केली. झाड एकच असेल तर फुलाच्या दिवशी फोन करा, मी माझं फुललेलं घेऊन येते.